तारीख देखी ले भो

गेल्या अंकात मी वाचकांना एकच काम दिलं होतं. घरातल्या सगळ्या गाड्यांच्या आरसी बाहेर काढा, नोंदणी कधीपर्यंत आहे ती तारीख वाचा आणि मला कळवा. पत्रं भरपूर आली. बऱ्याच पत्रांत तारीख नाहीच, नुसतं ‘ताई, सरी गयी ना गाडी’ एवढंच. अमळनेरला धुळे रस्त्यावर मी २००९ पासून पीयूसी सेंटर चालवते आणि शेजारच्या टेबलावर आरटीओचे ऑनलाइन अर्ज भरून देते. त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे. गाडी कधी घेतली, कितीला घेतली, कोणाच्या लग्नात घेतली, सगळं लोकांच्या लक्षात असतं. मुदत तेवढी नाकाबंदीला कळते.

प्रश्न : वडिलांची मोटारसायकल २० ऑगस्ट २००७ ला नोंदलेली. वडील २०२१ मध्ये वारले. तेव्हापासून मी शेतात जायला वापरतो. परवा विमा काढायला गेलो तर कळलं की नोंदणी ऑगस्ट २०२२ मध्येच संपली आहे. एजंट सोळा हजार सांगतो. गाडीला कोणी दहा हजारही देणार नाही. एजंट लुटतोय का?
— एक शेतकरी, पारोळा तालुका

दादा, एजंट लुटत नाहीये. मी पावतीच्या पाठीमागे मांडून बघितलं, तुम्हीही मांडा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर वेळी तपासणी होऊन ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. तुमची १५ वर्षं १९ ऑगस्ट २०२२ ला भरली. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून १००० रुपये आहे, त्याआधी ती ३०० होती. उशिराचा आकार दुचाकीला महिन्याला ३०० रुपये, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी तो पूर्ण महिना धरतात. तुमचं पत्र जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यातलं. म्हणजे ४० महिने भरले आणि एकेचाळिसावा चालू आहे. ४१ गुणिले ३००, झाले १२,३००. त्यात १००० फी. वर दुचाकीचा ५ वर्षांचा पर्यावरण कर २००० रुपये, तो थकला म्हणून त्यावर व्याज. बेरीज पंधरा हजार तीनशेच्या पुढे जाते. राहिले ते एजंटचे आणि स्मार्ट कार्डाचे. अर्ज तुम्ही स्वतः भरलात तर एजंटचे वाचतील, बारा हजार तीनशे काही वाचणार नाहीत.

‘गाडी दोन वर्षं गोठ्यातच उभी होती’ असं तुम्ही खाली लिहिलंय. मला पटतं, पण संगणकाला गोठा दिसत नाही. गाडी फिरली की उभी राहिली याच्याशी त्या तीनशेचा संबंध नाही. नोंदणी रद्द करून घेतली तरच मोजणी थांबते.

तुमच्याकडे दुसरीही एक अडचण आहे, तिच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही. गाडी अजून वडिलांच्याच नावावर आहे. मालक वारला तर वारसाने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. शेतीचा सातबारा आपण तलाठ्याकडे हेलपाटे घालून नावावर करतो, गाडीचं मात्र कोणाच्या डोक्यातच येत नाही. नूतनीकरण करायचं ठरवलंत तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती सोबत ठेवा, कारण खिडकीवर पहिला प्रश्न ‘मालक कुठे आहेत?’ हाच येतो.

आता खरा प्रश्न. सोळा हजार घालून दहा हजारांची गाडी का वाचवायची? मी असते तर इंजिन बघितलं असतं. निळा धूर सोडत असेल, म्हणजे ऑइल जळतंय, तर रिंगा-पिस्टनचा खर्च वेगळा आणि तो सोळा हजारांत धरलेला नाही. मग नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला गाडी द्या. तिथे ठेवीचं प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा कागद, मिळतं, नवी गाडी घेताना त्यावर करात सवलत मिळते, आणि नोंदणी रीतसर रद्द होते. गल्लीतल्या भंगारवाल्याला मात्र अशीच देऊ नका. गाडी कापली गेली तरी नंबर तुमच्या वडिलांच्या नावावर जिवंत राहतो, आणि तो नंबर उद्या कोणाच्या गाडीवर बसेल ते सांगता येत नाही. गाडी मोडीत काढली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे. आठवण म्हणून टाकीवरचं नाव काढून ठेवा. माझ्याकडे एक आजोबा आले होते, त्यांनी हॉर्न काढून घेतला होता.

तोवर ती गाडी घेऊन पारोळ्याच्या हायवेवर जाऊ नका. मुदत संपलेली नोंदणी म्हणजे विनानोंदणी गाडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ मध्ये पहिल्या वेळी दंड २००० पेक्षा कमी नाही आणि ५००० पर्यंत जातो, आणि गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना आहे. दंड भरलात म्हणून उशिराचे पैसे माफ होत नाहीत, ती दोन वेगळी खाती आहेत.

प्रश्न : माझी पिकअप आहे, सावद्याहून केळी भरतो. ऑक्टोबर २०१६ ची गाडी. पासिंग दर दोन वर्षांनी करतो. मागच्या वर्षी २०२४ ला केली म्हणून निवांत होतो. डिसेंबरात नाक्यावर साहेबांनी सांगितलं पासिंग ३ ऑक्टोबरलाच संपलंय. हे कसं काय?
— एक गाडीमालक, सावदा

भाऊ, तुम्ही एकटे नाही. आठ वर्षांच्या हिशोबात गाडीवाले नेहमी फसतात. मालवाहू किंवा प्रवासी वाहनाला नवेपणी २ वर्षांचं फिटनेस, म्हणजे पासिंगचा दाखला, मिळतं. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत पुढचं प्रत्येक पासिंग २ वर्षांचं. आठ वर्षं भरली की दर वर्षी. तुमची आठ वर्षं ऑक्टोबर २०२४ मध्ये भरली, म्हणून त्या वेळी मिळालेला कागद एकाच वर्षाचा होता. त्यावर तारीख छापलेली होती. तुम्ही तो घडी घालून सनव्हायझरमध्ये खोचला आणि सवयीने दोन वर्षं धरलीत.

उशिराच्या आकारात गोंधळ आहे, तो सांगते. केंद्राच्या नियमात फिटनेस उशिरा केलं तर दिवसाला ५० रुपये आहेत. ४ ऑक्टोबर ते १२ डिसेंबर, म्हणजे तुम्ही पत्र लिहिलंत त्या दिवसापर्यंत, ७० दिवस झाले. साडेतीन हजार. आपल्या राज्यात या पन्नास रुपयांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, २०२४ च्या उन्हाळ्यात रिक्षावाले रस्त्यावर उतरले आणि जुलैच्या अधिवेशनात सरकारने या वसुलीला स्थगिती जाहीर केली. म्हणून सावद्याच्या स्टँडवर एक म्हणतो लागतो, दुसरा म्हणतो माफ आहे, आणि दोघंही शपथेवर सांगतात. स्टँडवर विचारू नका. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून फिटनेसचा अर्ज उघडा, फीच्या पानावर जो आकडा येईल तो तुमचा.

पण मला पन्नास रुपयांची तेवढी काळजी नाही जेवढी त्या ७० दिवसांची आहे. फिटनेस नसलेलं वाहन कायद्याच्या नजरेत नोंदणी असलेलं वाहनच नव्हे, कलम ५६ मध्ये तसंच लिहिलंय. म्हणजे वर पारोळ्याच्या दादांना सांगितलेला दंड तुम्हालाही, आणि दुसऱ्यांदा सापडलात तर ५००० ते १०,००० आणि कैदही होऊ शकते. विमा चालू आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असाल तर एक निकाल ऐका. एका गाडीची तात्पुरती नोंदणी जानेवारी २००६ मध्ये संपली, तीन आठवड्यांनी अपघात झाला. विम्याचा हप्ता भरलेला होता. तरी गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनीने नाकारला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचंच म्हणणं उचलून धरलं. रावेर-सावदा रस्त्यावर रात्री केळीच्या गाड्या कशा पळतात ते तुम्ही मला सांगण्याची गरज नाही.

पासिंगला काय बघतात, असंही तुम्ही विचारलंय, इतकी वर्षं एजंटनेच गाडी नेली म्हणून. माझ्या पुतण्याची पिकअप मी स्वतः घेऊन गेले होते, तेव्हाचं सांगते. आदल्या संध्याकाळी गाडी धुतली. पुढच्या उजव्या चाकाच्या वर, चेसिसच्या पट्टीवर नंबर कोरलेला असतो. तिथे ग्रीस आणि मातीचा बोटभर थर होता. रॉकेलच्या फडक्याने पुसून, पॉलिश पेपर मारून, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली, तेव्हा एकेक अक्षर उमटलं. हा छाप अर्जावर लावायचा असतो. पुतण्या म्हणाला, ‘काकू, नऊ वर्षांत हा नंबर पहिल्यांदा बघतोय.’ सकाळी रांगेत सगळे उघड्या बॉनेटपाशी उभे. कोणी जॅकचा पाना शोधतोय, कोणी शेजारच्या गाडीचा वायपर उसना घेतोय. हो, वायपर उसना घेतात! साहेब ट्रॅकवर गाडी पळवून ब्रेक मारायला लावतात. उच्च न्यायालयाच्या आदेशाने ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक लागतो. मग दोन्ही हेडलाइट, डिपर, चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, आरसे, टायरची नक्षी आणि मागची लाल-पुढची पांढरी रिफ्लेक्टर पट्टी. आमची गाडी कशावर अडली असेल? नंबरप्लेटवरच्या दिव्यावर. चाळीस रुपयांचा बल्ब. बाहेरच्या टपरीत तो दीडशेला मिळाला आणि दुपारी पुन्हा रांग लावली. तुम्ही निघण्याआधी रात्री गाडीच्या मागे जाऊन तो दिवा बघा.

प्रश्न : ताई, तुम्ही सगळ्यांना शिकवता. तुमच्या स्वतःच्या गाडीचं कधी चुकलंय का? खरं सांगा.
— एक वाचक, दोंडाईचा

खरं सांगते, कारण ज्याने पकडलं तो हा अंक वाचत असणार.

माझी स्कूटी फेब्रुवारी २००४ ची. जुलै २०१९ मधली गोष्ट. बेटावदकडचा एक मुलगा पीयूसीला आला. त्याची पीयूसी संपून चार महिने झाले होते. मी माझ्या सवयीने त्याला सुनावलं, शिकलेली मुलं तुम्ही, मोबाइल चोवीस तास हातात, एक तारीख लक्षात राहत नाही. तो काही बोलला नाही. प्रिंट निघेपर्यंत मोबाइलवर काहीतरी करत उभा राहिला, माझ्या टपरीला टेकवलेल्या स्कूटीच्या नंबराकडे बघत. मग त्याने तो मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘ताई, तुमनी गाडीनी मुदत बी सरी गई ना!’

फेब्रुवारीतच संपली होती. पाच महिने मी विनानोंदणी गाडीवरून रोज सेंटरला येत होते आणि लोकांना मुदतीवर भाषण देत होते. पंधराशे उशिराचे आणि तीनशे फी, तेव्हाची. पर्यावरण कर वेगळा. मुलाकडून मी पीयूसीचे पैसे घेतले नाहीत. तो द्यायला निघाला होता, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मी का विसरले यावर नंतर विचार केला. पीयूसी दर सहा महिन्यांनी येते, विमा दर वर्षी, म्हणून ती दोन्ही अंगवळणी पडतात. पंधरा वर्षांनी येणारी तारीख कोणाच्याच अंगवळणी पडत नाही. पोरगी पहिलीत होती तेव्हा घेतलेली गाडी, पोरगी कॉलेज संपवून नोकरीला लागली, आणि मला मात्र ती ‘नवीच’ वाटत होती. आता मी घरातल्या गाड्यांच्या तारखा गॅसच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहिते, कारण ते पुस्तक हरवत नाही.

दुसरं एक कारण आहे, ते माझं नव्हे, पण आजकाल माझ्या टेबलाशी येणाऱ्या सगळ्यांचं आहे. लोकांना वाटायला लागलंय की सरकारी तारीख सरकतेच. करोनात फेब्रुवारी २०२० नंतर संपलेले कागद ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत चालवून घेतले. मग एचएसआरपी, म्हणजे ती नवी सुरक्षित नंबरप्लेट, आली, एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना. मुदत आधी मार्च २०२५, मग एप्रिल, मग जून, मग १५ ऑगस्ट, मग नोव्हेंबर, मग डिसेंबर. जो मार्चमध्ये रांगेत उभा राहिला त्याला गावाने वेड्यात काढलं. आता तीच माणसं मला विचारतात, ‘आरसीची तारीख कधीपर्यंत वाढवली हो?’ ती वाढत नाही. एचएसआरपीची मुदत सगळ्या राज्यासाठी एक होती म्हणून ओरड झाली आणि सरकली. तुमच्या आरसीची तारीख तुमच्या एकट्याची आहे, तिच्यासाठी मोर्चा कोण काढणार?

प्रश्न : मित्राच्या बाइकची पीयूसी वर्षाची, माझी सहा महिन्यांची. सेंटरवाला फसवतोय का? आणि पीयूसी नसेल तर दहा हजार दंड खरा का?
— एक विद्यार्थी, धुळे

सेंटरवाल्यांना शिव्या खायची सवय आहे, त्यामुळे राग नाही. बीएस म्हणजे गाडीच्या धुराचं सरकारी मानक. बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाडीला पीयूसी १२ महिन्यांची, आधीच्या गाडीला ६ महिन्यांची. दुचाक्या एप्रिल २०१७ पासून सरसकट बीएस-४ झाल्या आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६. तुझी बाइक २०१७ च्या आधीची असणार. नवीकोरी गाडी असेल तर पहिलं वर्ष पीयूसी लागतच नाही. मुदत मी ठरवत नाही, गाडीचा नंबर टाकला की संगणक ठरवतो. दरही ठरलेले आहेत, दुचाकीला ५० रुपये, पेट्रोल कारला १२५, डिझेलला १५०. पन्नासच्या जागी कोणी शंभर मागितले तर फलकाकडे बोट दाखव.

दहा हजार खरे आहेत. कलम १९०(२) मध्ये दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने निलंबित. ‘पर्यंत’ हा शब्द आहे, पण पन्नास रुपयांच्या कागदासाठी त्या शब्दावर भरवसा ठेवणं मला तरी जमणार नाही.

गाडी नापास का होते हे कोणी विचारत नाही, तू विचारलं नाहीस तरी सांगते. चार-स्ट्रोक बाइकला, बीएस-४ च्या आधीच्या, कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आत लागतं. नळी सायलेन्सरमध्ये घातली की आकडा चढत जातो, थोडा वेळ डगमगतो, मग स्थिरावतो. थंड गाडी आणली तर तो वरच अडकतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं चालवून मग सेंटरला ये. दुसरं, एअर फिल्टर. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचे फिल्टर मी उघडायला लावते. आत पांढरी तूस नमद्यासारखी बसलेली असते. हवा कमी, पेट्रोल जास्त, सायलेन्सर काळा. एका दूधवाल्याचा आकडा साडेपाचवर होता. फिल्टर झटकून बसवला आणि गाडी अडीचला पास झाली. त्यानंतर त्याने मला सांगितलं की गाडी लिटरमागे पाच-सात किलोमीटर जास्त जाते, आणि इतकी वर्षं कंपनीला शिव्या दिल्या ते उगाचच.

प्रश्न : मुलगा सुरतला कापड मिलमध्ये होता, आता गावी परत आलाय. त्याची जीजे-०५ बाइक दीड वर्षं आमच्याकडेच आहे. येत्या मे महिन्यात तिची १५ वर्षं भरतात. नंदुरबारला पासिंग होईल का?
— एक आई, शहादा तालुका

आपल्या नंदुरबार-शहाद्याकडे घरटी एक माणूस सुरतेला असतो आणि अंगणात एक जीजे गाडी असते. मावशी, तुमच्यापुढे दोन कामं आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. परराज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. तुमचे बारा महिने उलटून गेलेत. त्यामुळे आधी सुरतेच्या आरटीओची ना-हरकत, नमुना २८. त्यासाठी गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला, आणि तिथली ई-चलनं भरलेली हवीत. सुरतेची चलनं एकदा बघूनच घ्या, तिथे सिग्नलवर कॅमेरे आहेत आणि पोरं घरी सांगत नाहीत. ना-हरकत आली की नंदुरबारला एमएच-३९ नंबर, इथला कर, आणि मग नूतनीकरण.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून घेतात, म्हणजे तुमचा मार्चमध्ये सुरू होईल. ना-हरकतीचा कागद पोस्टाने यायला वेळ लागतो. तो मेच्या पुढे गेला तर महिन्याला तीनशे सुरू होतील, म्हणून मुलाला या आठवड्यातच सुरतेला पाठवा. जाणारच आहे तर जुनी खोलीची डिपॉझिट वगैरे कामंही तो उरकून येईल.

प्रश्न : माझी पेट्रोल कार जुलै २०११ ची. १५ वर्षांनंतर गाडी भंगारातच द्यावी लागते असं सहकारी सांगतात. खरं का?
— एक शिक्षक, चाळीसगाव

नाही, सर. ते दिल्ली आणि आसपासच्या भागाचं ऐकलेलं असणार, तिथे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर वेगळे निर्बंध आले. सरकारी खात्यांच्या १५ वर्षांपुढच्या गाड्यांचंही नूतनीकरण एप्रिल २०२३ पासून बंद झालं, त्यावरूनही गैरसमज पसरला. तुमची खासगी गाडी तपासणीत टिकली तर ५ वर्षं मिळतील. कारची फी ५००० रुपये, पेट्रोल कारचा पर्यावरण कर ३००० रुपये. उशीर झाला तर महिन्याला ५००. मे महिन्याच्या सुट्टीत अर्ज भरा, जूनमध्ये शाळा सुरू झाली की तुम्हाला वेळ मिळणार नाही. आणि गाडी २० वर्षांची होईपर्यंत ठेवायचा विचार असेल तर ऐकून ठेवा, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या कारची फी १०,००० झाली आहे.

प्रश्न : ट्रॅक्टरला पासिंग लागतं का? भाऊबंद म्हणतात शेतीच्या ट्रॅक्टरला काहीच लागत नाही.
— एक केळी उत्पादक, यावल तालुका

‘काहीच’ हा शब्द भाऊबंदांचा, बापू. शेतीचा ट्रॅक्टर खासगी वाहनात मोडतो, त्यामुळे दर वर्षीचं पासिंग नाही. पण नोंदणी १५ वर्षांचीच आहे, नूतनीकरण आहे, विमा आहे, आणि जुन्या ट्रॅक्टरला एचएसआरपीही आहे, दुचाकीच्याच दरात, ४५० रुपये आणि वर जीएसटी. भाड्याने विटा, वाळू, मुरूम वाहिलात की तो शेतीचा ट्रॅक्टर राहत नाही, मग मालवाहू गाडीचे सगळे नियम लागतात आणि विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते.

ट्रॉलीबद्दल तुम्ही काही विचारलं नाही. माझ्या सेंटरसमोरून रात्री ट्रॉल्या जातात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, केळीची पानं खालपर्यंत लोंबतात आणि जे काही लाल लावलेलं असेल ते झाकून टाकतात. तुमची ट्रॉली भरल्यावर एकदा मोटारसायकलवरून तिच्या मागे पन्नास पावलं जा, हेडलाइट लावून बघा, आणि काय दिसतं ते मला पुढच्या पत्रात लिहा. ट्रॅक्टरच्या आरसीवरची तारीखही लिहा, तुम्ही तीच लिहायला विसरलात.